मामंजी खाकरतात

जवळा बाजार
कार्तिक वद्य, शके १८५९

शालूस,

तुझी वैनी भिकाबाई लिहिते. खुशाली इचारू नको, मी बी इचारत न्हाई. तेराव्याची मोठी भांडी अजून ज्याची त्याला गेली न्हाईत. तुझी गाडी वळणाआड गेल्यापासून घरात कुणी धड बोललं न्हाई. तुझा दादा ओसरीवर बसून मामंजींच्या काठीकडं बघत राहतो. काठी काय बोलणार हाय.

जाताना तू म्हणलीस, दहाव्याला कावळा लगेच शिवला, बाबांचा जीव कशात अडकला न्हवता, सुखानं गेले. सगळं गाव तेच म्हणतंय. मला त्याचा राग येतो, खरं सांगते. इतकी वर्षं त्या माणसाला दुधात भाकर कुस्करून मी दिली, शेवटी शेवटी तर घास बी मीच भरवला, आन् कावळ्याला घडीभर थांबावं वाटलं न्हाई. माझ्यापायी तरी थोडा जीव अडकवायचा होता. माझ्या पोटी लेकरू न्हाई. मामंजी होते तवर दुसरी आणायचं बोलायची कुणाची छाती न्हवती. आता तेरावं झाल्या दिवशीच ओसरीवर कुजबूज चालू झाली. मी बहिरी न्हाई.

आता खरं सांगायचं ते. काल दिवस कलल्यावर मी चुलीपुढं बसले होते. दारात मामंजी खाकरले. दोनदा खाकरले अन् काठी उंबऱ्यावर टेकवली, शेतातून आल्यावर रोज करायचे तसं. मी पदर डोक्यावर घेतला, भिंतीकडं सरकले, पाणी द्यायला तांब्या उचलला, अन् मग ध्यानात आलं. दारात कुणी न्हवतं. काठी खुंटीला होती. तुझा दादा तिथंच बसला होता. इचारलं तर म्हणतो, "कुणी न्हाई खाकरलं. तुझे कान वाजले."

आज बी तसंच झालं. मी पाण्याचा तांब्या उंबऱ्याजवळ ठेवून दिला. थोड्या येळानं बघितलं तर पाणी खाली गेलं होतं. मांजर असंल म्हण. आपल्याकडं मांजर न्हाई.

तू घाबरावंस म्हणून लिहीत न्हाई. मी बी घाबरले न्हाई. उलट मनात आलं, गेल्यावर तरी माणसानं एका जागी बसावं.

हे पत्र मनियार इब्राहीमभाईकडं देते. ते बांगड्या घेऊन तुमच्या बाजाराला येणार हायेत.

भिकाबाई


डोंगरकडा
मार्गशीर्ष शुद्ध

भिकावैनीस शालूचा नमस्कार.

पत्र पोचलं. इब्राहीमभाई ओसरीवर चहा पिईपर्यंत मी ते उभ्यानं वाचलं, अन् ते गेल्यावर पुन्हा बसून वाचलं. माझ्या अंगावर काटा आला. मग मला रडू आलं. वैनी, मी तेराव्यापर्यंत तिथंच होते. रोज दुपारी त्याच ओसरीवर गहू निवडत होते. मी हाय तवर काहून आले न्हाईत? मला काहून ऐकू आलं न्हाई? मी त्यांच्या पोटची. त्यांनी मला खांद्यावर बसवून औंढ्याला नागनाथाच्या जत्रेला नेलं, ते मला अजून आठवतं.

तू सोमवारी औंढ्याला जाऊन नारळ फोड. मी बी इथून नवस बोलले हाय.

अजून एक लिहिते, रागावू नको. माणूस असं घोटाळतं तवा त्याचं काहीतरी मागणं असतं. कावळा शिवला खरा, पण बाबांच्या मनात एकच गोष्ट राहिली असंल. घराला पुढं दिवा न्हाई. संतरामदादा पन्नाशीला आला. दादाच्या मनात हाय की अजून येळ गेली न्हाई. मी त्याला काही बोलले न्हाई, त्याचंच मन हाय. आमच्याकडं माझ्या थोरल्या जावेची भाची राहते, सखू. आई न्हाई तिला, बापानं दुसरी केली. पोरगी गरीब हाय, कामाला चांगली हाय. तुझ्या हाताखाली राहील. तुला बी आराम.

सगळं बाबांच्या जिवाला शांती मिळावी म्हणून लिहिते.

तुझी शालू


जवळा बाजार
पौष शुद्ध

शालू,

तुझं पत्र चुलीत घातलं असतं, पण मागची बाजू कोरी होती. म्हणून त्याच्याच पाठीवर लिहिते. उलटून बघ, तुझंच अक्षर हाय.

वंशासाठी घोटाळतात म्हणं. आपल्या बापाला तू ओळखलंच न्हाई. वंशाचं वेड असतं तर तुझ्या आत्यानं पोरगी आणून ओसरीवर बसवली होती तवाच हो म्हणले असते. तवा काय बोलले ते तू दाराआडून माझ्या संगट ऐकलं हाय. "ह्या घरात सून एकच. दुसरी आणायची असंल तर आदी मला बाहेर काढा." आत्या जेवण न करता गेली होती. आठवतं का, का डोंगरकड्याच्या पाण्यानं इसरलीस?

दादाचंच मन हाय म्हणतेस. तुझ्या दादाला जेवताना अजून मीठ मागायचं सुचत न्हाई, त्याला बायको मागायचं कुठून सुचलं. ह्यात तुझं बोट हाय.

आता ऐकू काहून आलं न्हाई ते सांगते. मी बी लई इचार केला. मी नऊ वर्षांची ह्या घरात आले, तू माझ्याहून लहान. मामंजींनी आपल्या दोघींना शेणानं सारवलेल्या जमिनीवर कोळशानं अक्षरं काढून शिकवली. तुझं आदी यायचं, माझं पुसलं जायचं. तवा ते सरळ घरात यायचे, माझ्या बी डोक्यावर टपली मारायचे. मग मी शहाणी झाले, माहेरी जाऊन परत आले. त्या दिवशी पहिल्यांदा ते दारात थांबून खाकरले. मी येडी, मला वाटलं त्यांच्या घशाला काही झालं. सासूबाईंनी चिमटा काढला, "आगं पदर घे. तुझ्यासाठी खाकरले ते." त्या दिवसापासून कधी चुकले न्हाईत. ताप असला तरी, अंगावर ओलं घोंगडं असलं तरी, दारात थांबणार, खाकरणार, मी सावरून बसंस्तवर वाट बघणार. घरातलं दुसरं कुणी माझ्यासाठी कधी थांबलं न्हाई, शालू.

तुझ्यासाठी खाकरले का कधी? लेकीला खाकरत न्हाईत. लेकाला बी न्हाई. म्हणून तुला बी ऐकू येत न्हाई, तुझ्या दादाला बी न्हाई. ते माझ्यासाठी येतात.

गावात आता म्हणून राहिले की भिकाबाईच्या डोक्यात फरक पडला. तुझा दादा त्याला मान हलवतो. बायको येडी झाली म्हणलं की दुसरी आणायला बरं. पण इब्राहीमभाईचं तट्टू काय येडं हाय का? परवा दिवस कलल्यावर ते अंगणात उभं होतं. मला खाकरणं ऐकू आलं अन् त्याच घडीला त्यानं कान टवकारले, वाट दिल्यासारखं बाजूला सरलं. इब्राहीमभाई त्याला रागं भरले, मग त्यांचं माझ्या पदराकडं ध्यान गेलं. जाताना दाराला सलाम करून गेले.

भिकाबाई


डोंगरकडा
पौष वद्य

वैनी,

तू लिहिलंस ते कुणी कुणाला लिहू नये. लेकीला खाकरत न्हाईत. मला समजलं. मी त्यांची लेक, म्हणून ते माझ्याकडं यायचे न्हाईत. आता तूच मालकीण.

तुझं पत्र आल्यापासून रोज दिवस कलला की मी आमच्या दारात बसून राहते. हातातलं काम खाली ठेवते. रस्त्यानं कुणी म्हातारं खोकलं तरी उठून बघते. सासरची माणसं हसतात. हसू देत.

माझं बोट होतं, व्हय. लपवून काय करू. थोरली जाऊ रोज ताटावर ऐकवते, तुझ्या माहेरी जमीन हाय, माणूस हाय, बायको वांझ हाय, अन् माझी भाची इथं तुकडे मोडते. जेवलेलं अंगी लागत न्हाई. दादाला मी निरोप पाठवला तो तिच्यापायी. तुला वाईट शब्द लिहायला नको होता पण ती असंच बोलते.

आता माझ्या हातात काही राहिलं न्हाई. माघात थोरले दीर अन् जाऊ पोरीला घेऊन तुमच्याकडं येणार हायेत. दादानं हो म्हणून कळवलं. गाडी माझा धाकटा लेक नागोराव हाकील. मी येणार न्हाई. तुझ्या तोंडाकडं बघायची मला हिंमत न्हाई.

खाकरण्याचं मी इथं कुणाला सांगितलं न्हाई. सखूला तर न्हाईच. पोरगी आदीच भित्री हाय.

शालू


जवळा बाजार
माघ वद्य

शालू,

सगळं सांगते, मधी थांबू नको, पुरं वाच.

पाहुणे आले. वर्षश्राद्ध व्हायच्या आत सोयरीक बघायला आलेली माणसं मी पहिल्यांदा बघितली. तुझी जाऊ घरात शिरल्या शिरल्या उतरंडी मोजत्यात तशी बघत फिरली. म्हणाली, "घर बरं हाय. चूल तेवढी लई काळी."

मी म्हणले, "रोज पेटते म्हणून काळी हाय. तुमच्याकडं कशी असती?"

तुझे दीर हसले, तिनं डोळे वटारले.

पोरगी कोपऱ्यात उभी. कोवळी हाय. अंगावरचं लुगडं कुणाचं तरी मोठ्या बाईचं, निऱ्या पायात येत होत्या. कुवार पोरगी, डोकं उघडं, पदर खांद्यावर. मला तिचा राग करायचा होता. सकाळपासून राग साठवून ठेवला होता. पण तिनं येऊन माझ्या पाया पडून हळूच इचारलं, "काकी, भांडी घासायची ठेवलीत का काही?" आता असल्यावर काय राग करावा.

दिवस कलला. माणसं ओसरीवर, तुझा दादा नवीन पटका बांधून मधी बसलेला. तुझ्या जावेनं पोरीला सांगितलं, सगळ्यांना पाणी दे. पोरगी तांब्या घेऊन दाराशी आली. मी चुलीपुढं होते. अन् मामंजी खाकरले.

माझा हात पदराला गेला. माझ्या हाताच्या आदी तिचा गेला.

तांब्या तिनं खाली ठेवला. पदर डोक्यावरून ओढला, दाराकडं पाठ केली, भिंतीला लागून उभी राहिली, वाट सोडली. म्हातारं माणूस घरात येतं तवा सून करते तसं, बराबर तसं. ओसरीवरून सगळ्यांनी बघितलं, आमी दोघींनी एकाच घडीला डोकं झाकलेलं.

तुझी जाऊ म्हणाली, "आगं, कुणासाठी गं?"

पोरगी म्हणाली, "आजोबा आले न्हवं." मग सगळ्यांची तोंडं बघून तिचा आवाज बसला. "आत गेले ना आत्ता?"

तुझ्या दादाचं तोंड राखेवानी झालं. सगळे दाराकडं बघून राहिले होते. एकटा तुझा नागोराव अंगणात बैलाचं दावं धरून उभा होता, तो तिच्याकडं बघत होता. बैल त्याच्या पायावर पाय देऊन उभा होता तरी त्याला कळलं न्हाई.

मी तिला परसात नेलं. इचारलं, कसे होते? म्हणाली, "मी बघितलं न्हाई काकी. मोठ्या माणसाकडं कसं बघू? पायच दिसले. अन् त्यांच्या काठीचं खालचं लोखंड सैल हाय, वाजतंय. ठोकून घ्या."

शालू, काठीची शेंबी मामंजींच्या शेवटच्या आजारात सैल झाली होती. जायच्या आदल्या दिवशी ती निसटून पडली, मी ती मडक्यात टाकून ठेवली. तू आलीस तवा काठीला शेंबी न्हवतीच. आज बी न्हाई. हे मला अन् तुझ्या दादाला सोडून कुणाला ठाऊक न्हाई. दादाला सांगितलं तर तो उठून खुंटीपासून लांब जाऊन बसला.

मला वाटत होतं ते माझ्यासाठी येतात. मला राखायला येतात. आन् ते तिच्यासाठी बी थांबले. ह्या घरात सून एकच, त्यांचाच शब्द. मग मी कोण? परसात त्या पोरीसमोर मी रडले. तेराव्याला रडले न्हवते, तू बघितलंस. दहाव्याला कावळा शिवला तो आता मला लागला.

पोरगी माझी पाठ चोळत बसली.

आत आले तर तुझ्या जावेची जीभ सैल झाली होती. "म्हाताऱ्यानं सोता सांगितलं. सून म्हणून पसंत केली. आता काही बोलायचं राहिलं न्हाई."

मी म्हणले, "खरं हाय. सून हाय ही ह्या घरची. मी न्हाई म्हणत न्हाई."

तुझा दादा माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला सरळ इचारलं, सगळ्यांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा. "मामंजींनी हिला सून केलं. घरात सून एकच असं त्यांनी सांगून ठेवलंय. मग मी कोण ते सांगा."

तो पटका सारखा करायला लागला.

"मग मी सांगते," म्हणले. "मी सासू. सासू व्हायला लेक लागतो. तो बाहेर बैल धरून उभा हाय."

तवा मागते, शालू. तुझा नागोराव मला दे. बहिणीचा लेक आपल्यात दत्तक चालतो, पाटलाला इचारून घेतलं. वर्षश्राद्ध झालं की सखूशी लगीन लावू. तुझ्या दादाला इचारलं तर म्हणतो, तू म्हणशील तसं. आता तो दिवस कलल्यावर ओसरीवर बसत न्हाई, शेतात जातो. ते बी बरंच झालं.

पोटचा गोळा मागते, मला कळतं. मला मागायचं गोड बोलता येत न्हाई.

भिकाबाई


डोंगरकडा
फाल्गुन शुद्ध

वैनी,

तू मागून मागून माझं काळीज मागितलंस. पत्र आलं त्या दिवशी मी जेवले न्हाई. माझा धाकटा, माझ्या मागं मागं फिरणारा. तुला पोरगी नको होती तर नको म्हणायचं, माझं पोर काहून?

मग नागोरावला समोर बसवून इचारलं. म्हणलं, मामाच्या घरी जातोस का कायमचा? तो खाली बघून म्हणाला, "तू म्हणशील तसं." हे घराण्यातच हाय वाटतं. मग मी इचारलं, सखू नसली तर जाशील का? तो उठून बैलांना पाणी दाखवायला गेला. बैल आत्ताच पाणी पिऊन आले होते.

सखूला मी शपथ घालून इचारलं, तुला कुणी सांगून ठेवलं होतं का. ती म्हणाली, "काय सांगून?" तिला वाटतंय खरंच घरात एक म्हातारं माणूस हाय. मला इचारते, आजोबांना भाकर कडक चालते का मऊ लागते.

मी तिला सांगितलं, दुधात कुस्करून लागते.

घेऊन जा, वैनी. दोघांना बी घेऊन जा. माझ्या बापाच्या घरी माझं काहीतरी जाऊ दे. मला ते दिसणार न्हाईत तर माझ्या लेकाच्या बायकोला तरी दिसतील.

शालू


जवळा बाजार
पौष शुद्ध, शके १८६०

शालू,

लगीन होऊन तू गेलीस त्याला आता महिना होत आला. तू जाताना नागोरावच्या गळ्यात पडून रडलीस, तवा मी गोठ्यात निघून गेले. मला बघवलं न्हाई. पोर बरं हाय. जेवतं. रात्री झोपेत आई म्हणतं, मी ओ देत न्हाई, ते तुझं हाय.

सखू कामाला चोख हाय. चूल घासते, काळीच राहते.

आता जे सांगायचं ते सांगते. सखूनं माप ओलांडलं त्या दिवसापासून मला ऐकू येत न्हाई.

पहिल्या दिवशी वाटलं, लग्नाच्या गडबडीत राहिलं असंल. दुसऱ्या दिवशी कान देऊन बसले. सखू भाकरी थापत होती. एकदम तिनं पिठाच्या हातानं पदर ओढला, भिंतीकडं सरकली. मला म्हणाली, "आत्याबाई, आजोबांना पाणी." मी तांब्या उचलला. दारात काही न्हाई. आवाज न्हाई, काठी न्हाई. बाहेर नुसती पाखरं.

रोज असंच चाललंय. ती पदर घेते, मी तिच्या पदराकडं बघून समजते की आले. माझ्या कानाला काही येत न्हाई. पदर घेऊन बसते, लवकर बसते, सकाळपासून बसते. न्हाई. इब्राहीमभाईच्या तट्टूला कळतं, सखूला कळतं, मला न्हाई.

गेले तवा मी रडले न्हवते, अन् मग तर ते रोज येत होते. आता ते गेले, शालू. माझ्या बाजूनं आज गेले. मी माझी जागा राखली अन् ह्यो असा मोबदला झाला. आता माझ्यासाठी ह्या जगात कुणी दारात थांबत न्हाई.

तुझ्यावानी रस्त्यावरचं खोकणं ऐकत बसायची पाळी आली. हस मला.

भिकाबाई


डोंगरकडा
पौष वद्य

वैनी,

हसू कशाला. तुझं पत्र दोनदा वाचलं. मग तुझं जुनं पत्र काढलं, माझ्याच अक्षराच्या पाठीवर लिहिलेलं. मला त्यातली एक ओळ लई दिवस टोचत होती. आज तीच तुला पाठवते, तुझ्याच हातची हाय.

लेकीला खाकरत न्हाईत.

तू नऊ वर्षांची आलीस तवा ते सरळ घरात यायचे, तुझ्या डोक्यावर टपली मारायचे, कोळशानं अक्षर गिरवून घ्यायचे. मधी एवढी वर्षं तू त्यांची सून होतीस, म्हणून दारात थांबले. आता सून दुसरी आली. तुझ्यासाठी काहून थांबतील? तू आता माझ्यासारखी.

उद्या दिवस कलल्यावर पदर घेऊ नको. डोकं उघडं ठेवून दारात बस.

शालू


जवळा बाजार
माघ शुद्ध

शालू,

तू म्हणलीस तसं केलं. सखूला नवल वाटलं. म्हणाली, "आत्याबाई, पदर?" मी म्हणले, तू घे, तुझं तू बघ.

उंबऱ्यावरच बसले, मधोमध, वाट अडवून. डोकं उघडं. लई वर्षांनी डोक्याला ऊन लागलं. माझे केस किती पांढरे झालेत ते मलाच माहीत न्हवतं.

आत सखू सरकली. मला काही ऐकू आलं न्हाई. पण शेजारून ओल्या घोंगड्याचा वास गेला. अंगणात कोरडं ऊन होतं, पावसाचं नाव न्हवतं. अन् माझ्या डोक्यावर कुणीतरी टपली मारली. हलकीच.

मी वळून बघितलं न्हाई. वाटेतून जरा सरकले फक्त.

मग आत जाऊन कोळसा आणला अन् जमिनीवर माझं नाव लिहिलं. भि वाकडाच आला. संध्याकाळी सारवायच्या आदी बघितलं तर त्याच्या शेजारी कुणीतरी तोच भि नीट काढून ठेवला होता. सखूला लिहिता येत न्हाई. नागोराव अन् तुझा दादा शेतात होते.

ते सारवलं न्हाई. तू येशील तवा बघ. तुझी जागा शेजारी रिकामी ठेवली हाय.

भिका